आत्याची मोटार आणि अख्खी सुरमई

माझ्या आत्याला अर्धवट भाव सांगून सुटलेला दुकानदार मुंबईत अजून जन्माला यायचा आहे. लालबागच्या चाळीत राहणारी, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली ही बाई नाटकाला गेली तरी तिकीट खिडकीवर विचारते, "मध्यंतरातला बटाटावडा धरून किती?" चुलतभावाच्या लग्नात तिने हॉलच्या मॅनेजरला बजावलं होतं, "भाडं सांगू नकोस. शेवटचा पाहुणा गेल्यावर आमच्याकडे काय उरेल ते सांग." सुरमई तर ती तुकड्यांनी घेतच नाही. कोळीण वैतागते, "गो बाय, दोघी बहिणी तुम्ही. अख्खी नेऊन काय जेवणावळ घालतेस?" आत्या ढिम्म. "तुकड्यांचे पैसे जोडले की तुझी सुरमई देवमाशाएवढी होते!" मग अख्खा मासा घरी येतो आणि मजल्यावरच्या चार बिऱ्हाडांत त्याचे वाटे पडतात.

अशा या आत्याने साठी उलटल्यावर गाडी चालवायला शिकून मोटार घ्यायचं ठरवलं. कारण एकच, तिची थोरली बहीण. तिचे गुडघे गेलेले, एसटीची पायरी चढवत नाही, आणि गावचं घर तिने कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही. "एकदा अंगणात बसूचा हा गो," एवढंच ती म्हणायची. पेन्शन बेताची. हप्ता डोईजड झाला असता तर मोटारही गेली असती आणि अंगणही.

परळच्या शोरूममध्ये मी सोबत होतो आणि खरं सांगायचं तर रंग निवडून मोकळा झालो होतो. टायवाला विक्रेता मधाळ आवाजात म्हणाला, "मॅडम, सहा लाखांचं कर्ज, सात वर्षं, महिना फक्त अकरा हजार!"

"हे झाले तुकडे. अख्खी केवढ्याला?"

"म्हणजे?"

"सगळे हप्ते जोड रे बाळा."

त्याने जोडले. नऊ लाखांच्या वर! मी पटकन खुर्ची शोधली. आत्याने मात्र पदर खोचला.

"पाच वर्षांनी माझं बरंच कर्ज फिटलेलं असेल. तेव्हा व्याज कशावर लावणार?"

"फ्लॅट रेट आहे मॅडम. पूर्ण सहा लाखांवरच."

"म्हणजे मी परत केलेल्या पैशांचंही भाडं मीच भरायचं?"

अख्खं शोरूम वळून बघायला लागलं. प्रेक्षक मिळाल्यावर आत्याला आवरणं मला शक्य नव्हतं आणि इच्छाही नव्हती. समोरच्या टेबलावरचं एक जोडपं सही करता करता थांबलं. नवरा हळूच म्हणाला, "आमचंही विचारा ना, काकू."

पुढच्या आठवड्यात आत्याने मुदत ठेव मोडून निम्मे पैसे उभे केले. ठेवीवर मिळणारं व्याज कर्जाच्या व्याजापेक्षा कमीच होतं. उरलेल्या तीन लाखांसाठी तिने फेडायच्या राहिलेल्या रकमेवरच व्याज लावणारी बँक गाठली, मुदत तीनच वर्षं घेतली. सगळं मिळून व्याज पन्नास हजारांच्या आत! चाळीत पेढे वाटले तेव्हा मोटारीपेक्षा व्याजाचंच कौतुक जास्त झालं.

मे महिन्यात आम्ही गावाला निघालो. आत्या चाळिसाच्या वर जाईना. मागे ट्रकवाले हॉर्न वाजवून दमले. मी कुरकुरलो, "आत्या, जरा दाब की!"

तिने ओठांवर बोट ठेवलं. शेजारच्या सीटवर थोरली गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल. आत्या कुजबुजली, "गुडघे रात्रभर डोळा लागू देत नाहीत रे तिला. गाव काय, येईल सावकाश."