शिडीवरची पाहुणी

अकोटकडच्या एका ठाण्यात मी ठाणेदार होतो, तेव्हाची एक घटना आजही लख्ख आठवते. लग्नसराई होती. सरकारी दवाखान्यातून खबर आली की मंगल कार्यालयात शिडीवरून पडून एक बाई जखमी झाली आहे. मांडीचं हाड मोडलं होतं. हवालदारांनी पंचनामा केला. डेकोरेशनच्या ठेकेदारानं जबाब दिला, "लग्नातली पाहुणी होती. हौसेनं फुलं लावायला चढली अन् पडली." लग्नघरच्यांनीही होकार दिला. म्हणजे नुसता अपघात, जबाबदारी कोणावरच नाही.

पुढे वॉर्डातल्या सिस्टरांचा फोन आला. "साहेब, तुमी तिले पाहुणी लिहिलं. पण लग्नातलं एक मानूस तिले पाह्यले आलं नाही."

मी दवाखान्यात गेलो. बाई जवळच्याच खेड्यातली, घरच्या वावरात झेंडू-शेवंती पिकवणारी. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माह्याच चुकीनं पडली, साहेब." खोटं बोलणारा माणूस सहसा स्वतःवर दोष घेत नाही. घेतो तो घाबरलेला माणूस.

दोन्ही व्याह्यांना ठाण्यात बोलावलं, वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं, चहा पाजला. प्रश्न एकच विचारला, ही बाई तुमची कोण? मुलीचे वडील म्हणाले, "मुलाकडची असन." मुलाचे वडील म्हणाले, "आमची नाही जी, मुलीवाल्यायची असन." मग दोघांना समोरासमोर बसवलं. दोघेही ओशाळले. "ठेकेदार हात जोडून राहिला होता, साहेब," मुलीचे वडील म्हणाले, "लग्नात कटकट नको म्हून हो म्हटलं."

दवाखान्यात जाऊन हे सांगितल्यावर बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी कायची पाहुणी? फुलं सकायीच इकली होती. मंग ठेकेदारानं दिवसाची मजुरी ठरवून मले थांबवलं. खरं बोलली तं पुढं आमची फुलं कोण घेईन?"

ठेकेदार मात्र चिवट निघाला. "पाहुणी नसन, पण माही मजूरही नाही. फुलंवाली हाये ते. हजेरीत नाव दाखवा."

"शिडी कोणाची?"

"माही."

"वर चढायला कोण म्हणालं?"

तो हळूच म्हणाला, "कमान वाकडी दिसून राहिली होती. मीच म्हटलं, वर चढून हार सारखा कर."

हयगयीचा गुन्हा नोंदवून मी सगळ्यांचे पुरवणी जबाब घेतले. भरपाई द्यायची की नाही हे पोलीस ठरवत नाहीत, ते कामगार न्यायालयाचं काम. पण तिथं आमचे जबाब वाचले जातात. न्यायालयानं तिला कामगार मानलं. ठेकेदाराच्या धंद्याचं काम, त्याच्या सांगण्यावरून, त्याच्या शिडीवर. मग ते एका दिवसाचं असलं तरी काय झालं! भरपाई मिळाली, पायही सावरला. त्या ठेकेदारानं तिची फुलं बंद केली, तर दुसऱ्या दोघांनी घ्यायला सुरुवात केली.

निकालानंतर ती नवऱ्यासोबत ठाण्यात आली होती. भरपाईबद्दल एक शब्द बोलली नाही. म्हणाली, "मी हौसेनं चढली नव्हती, हे कागदावर आलं ना साहेब? गावात लोक हासत होते मले."

कामावर पडलेल्या माणसाचं हाड डॉक्टर जोडतात. तो तिथं कामावर होता, हे लिहिणं मात्र आमच्या हातात असतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक नव्या हवालदाराला मी सांगत आलो, जखमी कोण हे लिहिण्याआधी त्याला काम कोण सांगत होतं ते विचारा.