तात्यांचा खाष्ट जावई

तात्यांसोबत चहा प्यायला की मनगट दुखायचं. ग्लास रिकामा व्हायच्या आत ते आपलं मनगट असं घट्ट धरायचे की हात खिशापर्यंत जाऊच नये. मग दुसऱ्या हातानं स्वतःच्या खिशातली नोट काढून हॉटेलवाल्यावर ओरडायचे, "ह्यांचे पैसे घेतले तर उद्यापासून इथं येणं बंद!" मी फोननं पैसे देऊ लागलो, तर त्यांनी त्यावरही उपाय काढला. गल्ल्यावरच्या स्कॅनरवर ते सरळ आपला पंजा ठेवून उभे राहायचे. "खिशाला हात लावायचा न्हाई, जावईबापू. भोकरदनात हाव तुमी." एकदा जालन्यात, माझ्या ऑफिससमोरच्या टपरीवर त्यांनी हेच केलं. मी म्हणालो, "तात्या, हे जालना आहे, इथं तुम्ही माझे पाहुणे." त्यावर शांतपणे म्हणाले, "जिल्हा तर आपलाच हाय ना?"

तात्या माझे सासरे. बियाणं कंपन्यांचे शेतकऱ्यांच्या रानात प्लॉट लावून द्यायचं त्यांचं काम. कुणाच्या रानात मिरचीचं बी धरायचं, कुणाच्या रानात भेंडीचं, परागीकरणाला बायका किती लागतील, माल पास होतो का, हे सगळं ते बघायचे आणि क्विंटलमागं कमिशन मिळवायचे. केदारखेड्यापासून पुढं पंधरा-वीस गावांत त्यांच्या मोटारसायकलचा आवाज ओळखला जायचा. चांगली वर्षं होती तेव्हा पैसा आला आणि आला तसा गेला. त्यांच्या दारावरून चहा न पिता पोस्टमनसुद्धा पुढं जाऊ शकत नसे.

मग कंपनीनं बरेचसे प्लॉट दुसऱ्या राज्यात हलवले. तात्यांचं कमिशन तिसऱ्या हिश्श्यावर आलं. खर्च मात्र जागचा हलला नाही. माझी बायको सुनीता फोनवर आईशी बोलून झाली की भिंतीकडं बघत बसायची. धाकटी मेव्हणी वैशाली तेव्हा संभाजीनगरला नर्सिंग शिकत होती. शेवटचं वर्ष होतं, आणि फी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेणार नाही असं कॉलेजनं बजावलं होतं.

मी पाटबंधारे खात्यात हिशेबाच्या टेबलावर बसतो. सरकारी पैसा आटला की कुठली कामं आधी कापायची, हे मी वर्षानुवर्षं बघत आलोय. तेव्हा एक म्हाताऱ्या माणसाचं घर ताळ्यावर आणणं किती अवघड असणार, असं मला वाटलं होतं. एका रविवारी भोकरदनला गेलो आणि तात्यांना समोर बसवलं. हॉटेलातला चहा दिवसाला दोनदाच. लग्नाचे आहेर फक्त जवळच्या भावकीत. गणपतीची वर्गणी निम्मी. लग्नाला जायचं तर भाड्याची जीप बंद, एसटीनं जायचं. प्रत्येक मुद्द्याला तात्या मान डोलवत होते. "बराबर हाय. बिलकुल बराबर हाय." मी खूश होऊन जालन्याला परतलो. "बराबर हाय" याचा त्यांच्या तोंडी अर्थ एवढाच होता, की पाहुण्याचं बोलणं मधे तोडू नये.

पुढच्याच महिन्यात अंकुशनगरला भावकीतलं लग्न होतं. तात्या खरोखर एसटीनं गेले. पण स्टँडवर गावची माणसं भेटली, त्यांची तिकिटं तात्यांनी काढली. शिवाय बायकांना अर्धं तिकीट असतं, म्हणून शेजारच्या चार बायकांना त्यांनी घरून बोलावून घेतलं होतं. जालन्याला बस बदलताना सगळ्यांना वडापाव आणि चहा झाला. जीपला लागले असते त्याहून जास्त पैसे गेले. मी फोनवर कपाळाला हात लावून विचारलं, "तात्या, त्या बायकांचं त्या लग्नात काय काम होतं?"

"सवलत हाय ना? मंग वाया कशाला घालवायची?" तात्या म्हणाले. वर मलाच विचारलं, "तुमीच म्हणल्ते ना, एसटीनं जा म्हणून?"

मी फोन आपटला नाही, एवढंच. त्या काळात माझं रक्त सारखं उकळत असायचं. सुनीतावर उगाच चिडायचो. ती म्हणायची, "तुम्ही त्यांना आकडे सांगता. त्यांना आकड्यांची भीती नाही, माणसांची आहे." मला ते तेव्हा कळलं नाही.

शेवटी एक गोष्ट जमली. वैशालीच्या फीचे साठ हजार आम्ही तात्यांकडून बाजूला काढून घेतले आणि सासूबाईंच्या ताब्यात दिले. त्याला कुणी हात लावायचा नाही, असं तात्यांनी देवासमोर कबूल केलं. आणि नेमका अधिक महिना लागला.

आमच्याकडं धोंड्याचा महिना म्हणजे जावयाची चंगळ. पुरण भरलेले धोंडे, अनारसे, नवे कपडे आणि चांदीची एखादी वस्तू. तात्यांचा हात बघता ती वस्तू मोठी असणार हे ठरलेलंच. म्हणजे सगळ्यांचा खर्च कापत हिंडणारा मी, आणि त्या वर्षीच्या खर्चातला सगळ्यात मोठा आकडा मीच. मी तातडीनं फोन केला. "तात्या, यंदा धोंड्याला काही करू नका. मला काहीही नको. अगदी काही नको."

पलीकडून बारीक आवाज आला, "बरं, जावईबापू."

मी सुनीताला म्हणालो, "बघ, स्पष्ट बोललं की कळतं माणसाला." तिनं पोळीची कणीक तशीच ठेवली. "असं कशाला बोललात? ते आता घाबरले असतील." मी हसलो. नको म्हटल्यावर कुणी घाबरतं का!

धोंड्याच्या दिवशी आम्ही भोकरदनला पोचलो. पाटाभोवती रांगोळी, समईची वात, ताटात तुपात न्हालेले धोंडे. सासूबाईंनी ओवाळलं आणि तात्यांनी माझ्या हातात एक लाल डबी ठेवली. आत सोन्याची अंगठी. त्यांचा चेहरा पडलेला होता. हात जोडून म्हणाले, "आमचं काय चुकलं आसंल तर पोटात घाला. चांदीचा दिवा आणणार व्हतो. पण तुमी काही नको म्हणलात, तवाच वळखलं मी, जावई नाराज हायेत. लई दिवसापासून चिडून राह्यले माझ्यावर. मंग चांदीवर कसं भागवावं?"

मी काही नको म्हणालो, म्हणून चांदीचं सोनं झालं होतं. वैशाली वाढायला उभी होती. तिनं डबीकडं पाहिलं, वरणाची वाटी खाली ठेवली आणि आत निघून गेली. सासूबाई पदराशी चाळा करत होत्या. पैसे कुठून आले हे विचारायची गरजच नव्हती. मला संताप आला. हिशेब सांगावा? तो सांगून झाला होता. ओरडावं? म्हाताऱ्यानं आणखी हात जोडले असते, आणि पुढच्या वेळी अंगठीची साखळी झाली असती.

मी ताट सरकवलं आणि पाटावरून उठलो. "मी जेवणार नाही."

अधिक महिन्यात जावई भरल्या ताटावरून उठला म्हणजे त्या घरात अंगावर वीज पडल्यासारखंच होतं. तात्या धडपडत पुढं आले. "काय पाहिजे ते बोला, जावईबापू. तोंडातून काढा, आत्ता देतो."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाला जावयाचा नकार ऐकू येत नाही, पण जावयाची मागणी तो मोडू शकत नाही. मी छाती काढून म्हणालो, "मला धोंड्याला वैशालीची फी पाहिजे. ही अंगठी आत्ता परत करायची, पैसे कॉलेजात भरायचे आणि पावती माझ्या हातात द्यायची. तोपर्यंत मी या घरात पाणीसुद्धा पिणार नाही."

तात्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जीव आला. "आसं व्हय," ते म्हणाले. "जावयानं मागणी घातली म्हणल्यावर द्यावीच लागंल." पायात चपला सरकवून, वैशालीला मोटारसायकलवर मागं बसवून ते उन्हातच निघाले.

मी ओट्यावर बसून राहिलो. आत धोंडे गार होत होते आणि माझ्या पोटात कावळे ओरडत होते, पण शब्द तोंडातून गेला होता. सराफानं घडणावळ कापून घेतली. कमी पडले ते सासूबाईंनी आपल्या बचत गटातून काढले. चावडीजवळच्या कॉम्प्युटरवाल्याकडून फी भरून दोघं परत आले तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. तात्यांनी मला पुन्हा पाटावर बसवलं. छापील पावतीला हळदीकुंकू लावलं, तिच्यावर सुपारी ठेवली आणि ती ताटात घालून माझ्यापुढं धरली. "घ्या तुमचं वाण. आता तरी जेवा."

मी सात धोंडे खाल्ले. वैशाली वाढत होती आणि मधेच वाटी घेऊन आत जाऊन नाक पुसून येत होती.

त्यानंतर माझं जगणं अवघड झालं. सासूबाईंना गुरुकिल्ली सापडली होती. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा दबक्या आवाजात फोन यायचा. "जावईबापू, जरा रुसता का? गणपतीवाल्यांना अकरा हजार बोलून आलेत." मग मी ऑफिसातून फोन लावून तात्यांवर रुसायचो. "नवी मोटारसायकल बघून राह्यलेत, एवढं रुसा." मी रुसायचो. बावीस वर्षं सरकारी फायलींवर ज्या माणसानं कधी आवाज चढवला नाही, त्याला पगारी असल्यासारखं रुसावं लागत होतं. कधीकधी वाटायचं, सरळ सांगावं की मला नाही यायचं तुमच्या घरी, आणि खुशाल विकून खा ते घर. पण सांगितलं नाही. खर्च मात्र कमी होत गेला.

एकदा भोकरदनच्या स्टँडवर चहाला थांबलो, तर हॉटेलवाल्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमीच का तात्याचे जावई? लई खाष्ट म्हणत्यात तुमाला. तात्या म्हणत व्हता, वर्गणी देली आस्ती, पण जावई घरात पाणी पीत न्हाई." बाकावरचे दोघं खो खो हसले. साऱ्या तालुक्यात माझी बदनामी करून ठेवली होती म्हाताऱ्यानं! तसाच तरातरा घरी गेलो आणि तात्यांना जाब विचारला.

तात्या ओट्यावर बी निवडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "पैसे न्हाईत म्हणलं की मानूस संपतं, जावईबापू. लोकं पाय मागं घेत्यात. जावई रुसतो म्हणलं की लोकं हसत्यात, आन वर मलाच चहा पाजत्यात." मग हातातलं सूप खाली ठेवलं. "तुमी व्हतात म्हणून मला न्हाई म्हणता आलं. माझ्या तोंडून ते निघत नव्हतं."

मी चिडायलाच आलो होतो. पण चिडणं जमेना. त्यांनी माझं मनगट धरलं आणि चहा टाकायला सांगितला.

गेल्या हिवाळ्यात तात्या गेले. दोन दिवसांचा ताप, छातीत कफ, आणि संपलं. वैशाली आता जालन्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे, शेवटची रात्र तीच त्यांच्या उशाशी होती. तेराव्याला चुलतसासरे गावजेवण घालायचं म्हणत होते. सासूबाईंनी हात वर केला. "न्हाई. त्यांनी सांगून ठेवलंय. चाळीस मानसं. त्याच्या वर ताट लागलं तर जावई रुसंल म्हणले." सगळी भावकी माझ्याकडं वळून बघू लागली. मांडवात कुजबुज झाली, हाच तो, हाच तो. मी खाली मान घालून उभा राहिलो. मेल्यावरसुद्धा या माणसानं मलाच पुढं केलं होतं, आणि मला त्यांचा अभिमान वाटत होता.

यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आलाय. परवा सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, रविवारी या. चार धोंडे करते. आणखी काय करू?"

सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "काही नको, मामी."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

इतक्या वर्षांत माझं "काही नको" पहिल्यांदाच कुणी खरं मानलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी खरोखर रुसलो.