ओढा ओलांडणारी लापशी

एनेलेसीचं आयुष्य बाळांच्या वजनात गेलं. आंब्याच्या फांदीला काटा टांगायचा, झोळीत बाळ ठेवायचं, ते शांत होईपर्यंत काट्याकडे बघत राहायचं. आता संस्थेने तिच्यावर जड काम टाकलं होतं. बाळांसाठी वाटलेल्या मका-सोयाच्या पिठाचा उपयोग होतो का, हे कसं तपासायचं ते तिने ठरवायचं. तिने तुलना निवडली. ओढ्याच्या अलीकडच्या गावात पीठ मिळत होतं, पलीकडच्या नाही. दोन्हीकडची बाळं तोलायची.

पहिल्या चाचणीत दोन्हीकडची बाळं सारखीच भरली.

"संपलं मग," संस्थेचे फातसानी साहेब फोनवर म्हणाले. "पीठ निरुपयोगी. मोठी मोजणी उरक, वाटप बंद करू."

भुकेचे महिने चालू होते. कणसं अजून कोवळी. काटा खांद्याला अडकवून ती अलीकडच्या गावात नाफिरी आजीच्या अंगणात जाऊन बसली.

चुलीवर वाटपाच्या पिठाची लापशी रटरटत होती. नातवाबरोबर शेजारची पोरंही हात धुऊन ताटाभोवती बसली.

"आजी, पीठ या तुमच्या नातवाचं ना?"

"मग बाकीच्यांनी काय भिंत चाटायची? एकटं खाणाऱ्याला आम्ही चेटक्या म्हणतो, पोरी. तुमच्या संस्थेत काय म्हणतात?"

उरलेली लापशी आजीने झाकणाच्या वाडग्यात भरली. "ही मुलाकडे. तो बायकोच्या गावी नांदतोय, ओढ्यापलीकडे. त्याची पोरं माझी नाहीत की काय?"

इथे लग्नानंतर मुलगा बायकोच्या गावी जायचा; सगळ्यांचेच मुलगे तिकडे नांदत होते. एनेलेसीने ओढ्याकडे पाहिलं आणि ती बघतच राहिली. डोक्यावर वाडगे घेतलेल्या बाया पाण्यातून चालल्या होत्या. सावकाश, कुणी न सांगता. जन्मभर ती एकेक बाळ वेगळं तोलत आली होती. इथे वेगळं बाळ नव्हतंच.

तिने फोन लावला. "साहेब, मोजणी थांबवा. पीठ ओढ्यापलीकडेही जातंय. कुठे कुठे पोचतं ते आधी बघू. तुलना नंतर, डोंगरापलीकडच्या गावाशी."

"तुझी तपासणी फसली म्हणून आणखी एक मोसम पीठ वाटायचं?"

"हो. माझी तपासणी फसलीय, पीठ नाही."

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला.

"कापणीपर्यंत वाटू. पण बघ नीट."

"झालं बोलून?" आजीने वाडगा तिच्या हातात दिला. "मग हा तूच पोचव. माझे गुडघे गेलेत."

वाडगा कढत होता. काटा तिथेच ठेवून एनेलेसी पाण्यात उतरली.