शिडाची गाठ
माळ्यावरच्या शिडाची दोरी आमच्या वखारीतली, तिला अजून तंबाखूचा वास येतो. नौदलातला माझा थोरला भाऊ, अण्णा, सुट्टीवर आला की आम्ही हिडकल धरणात त्याची छोटी होडी सोडायचो. एका दुपारी वारा एकदम उठला, होडी कलली, पाणी आत आलं. अण्णानं शीड निम्मं खाली घेतलं आणि ओरडला, "खालचं गुंडाळून बांध गं, लवकर!" मला एकच गाठ यायची, आमच्या निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या पोत्यांना मारतात ती. तीच आवळली. होडी सावरली, पण काठावर आल्यावर अण्णाला काही ती गाठ सुटेना. "लई घट्ट हाय की गं! ऱ्हाऊ दे, फुडच्या सुट्टीला मीच सोडतो." ती सुट्टी त्याला मिळालीच नाही, त्याची ट्रंक तेवढी घरी आली. ती गाठ मला एका झटक्यात सोडता येते, पण मीच सोडतो असं तो म्हणाला होता.