दूधवाल्यांच्या तोडीची चाकं

माझ्या सायकलला खोड आहे, असं आमच्या दादाचं मत. चाक फिरतंय तोवर तिची पायडलं थांबत नाहीत. उतारावर पाय टेकवून आरामात बसायची सोय नाही. पायही फिरतच राहतात, आणि वेग कमी करायचा तर पायांनीच पायडल उलटं रेटावं लागतं. अशा सायकलला फिक्स्ड गिअर म्हणतात. दादाचा मुलगा नोकरीसाठी परगावी गेला तेव्हा ही शिंदे की छावनीतल्या आमच्या घरी जिन्याखाली टाकून गेला. एकावन्नाव्या वर्षी मी ती बाहेर काढली, पडत-धडपडत शिकले आणि मुरारच्या शाळेत शिकवायला तिच्यावरून जाऊ लागले. त्याआधी तेवीस वर्षं मी दादाच्या स्कूटरवर मागे बसून जात होते.

आपले पूर्वज दख्खनहून घोड्यावर बसून इथवर, उत्तरेत आले, हे दादा प्रत्येक पाहुण्याला चहाआधी सांगतो. त्यांच्या वंशातल्या बाईने सायकलवर बसलेलं मात्र त्याला सोसत नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे जुन्या तलवारीशेजारी घरची वाहनं उभी करून पूजा होते, आणि मोडकं काही पूजेत ठेवायचं नाही असा दंडक आहे. म्हणून आदल्या दिवशी, मला न विचारता, दादाने सायकल दुकानात नेली आणि तिची खोड काढून आणली. मागचं अख्खं चाकच बदललं. नवं होतं स्वस्तातलं, फ्रीव्हीलचं, म्हणजे पाय थांबले तरी आपलं फिरणारं. मी हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, पण चाकाकडे नीट पाहिलं नाही.

दसऱ्यानंतर शाळा उघडली. पुलाच्या उतारावर सवयीने पायडल उलटं रेटलं, तर ते गर्रकन मागे फिरलं. पुढचा ब्रेक हाताला सापडेपर्यंत मी विटांच्या ढिगावर होते. गुडघा फुटला, पुढच्या रिमचा पापड झाला आणि मागच्या नव्याकोऱ्या चाकाचे स्पोक तुटून लोंबू लागले.

“झालं समाधान? रविवारी कबाडीवाल्याला बोलावतो,” दादा म्हणाला. “घरी स्कूटर आहे ना? ज़िद कशाला खामखा?”

“खोड सायकलला नव्हती दादा. तू लावलीस.”

“मी तर तुझ्या भल्यासाठीच केलं ना! उद्या तुला काही झालं, तर मी काय करू, सांग?”

मला वाईट वाटलं, पण माघार घ्यावी इतकं नाही. रविवारला चार दिवस होते. तोवर चाकं झाली नाहीत तर सायकल भंगारात आणि मी पुन्हा मागच्या सीटवर, थेट निवृत्तीपर्यंत. नुसत्या विचारानेच माझं डोकं तापलं.

दादाच्या मुलाने फोनवर नारंगी चाकांचे फोटो पाठवले. “आत्या, हे घे ना, एकदम लाइट हैं!” दिसायला अगदी बाशिंग बांधलेली. किंमत पाहून मी फोन पालथा ठेवला. शिवाय छावनीच्या खोदलेल्या रस्त्यांना हलकेपणाचं काय कौतुक? आणि स्वस्तातली तयार चाकं किती टिकतात ते माझ्या गुडघ्याला विचारावं.

शाळेसमोरून रोज दूधवाले जातात, सायकलला दोन्हीकडे भरलेले कॅन लटकवून. यांची चाकं का वाकत नाहीत? एकाला थांबवून विचारलं. त्याने मुरारच्या बाजारातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीचं नाव सांगितलं.

चाक बदलताना दुकानदाराने परत दिलेलं जुनं, रिम झिजलेलं मागचं चाक आणि पापड झालेलं पुढचं, दोन्ही घेऊन मी गेले. मिस्त्रीने मागच्या हबवरची, म्हणजे चाकाच्या मध्यावरची, दातेरी चकती उलटी फिरवून पाहिली. “काए जिज्जी, जे तो जाम है.”

“जाम नहीं है भैया. ऐसा ही है, और ऐसा ही रहेगा.”

तो हसला. मला दूधवाल्यांसारखे जाड स्पोक हवे होते. त्याने एक काढून हबच्या भोकाशी धरला, आत जाईना. मग म्हणाला, मोटे होने से कुछ नहीं होता, सब पे खिंचाव बराबर चाहिए. दोन्ही हब धुऊन, ग्रीस भरून तेच ठेवले. रिम साध्या, दुहेरी भिंतीच्या ॲल्युमिनियमच्या घेतल्या, इथल्या कुठल्याही दुकानात पुन्हा मिळतील अशा. टायर फ्रेममध्ये मावतील तेवढे रुंद. एकेका चाकाला छत्तीस स्पोक त्याने हाताने विणले, आणि सगळ्यांचा ताण सारखा होईपर्यंत दोन दिवस ते बोटाने छेडत, चावी फिरवत बसला.

रविवारी कबाडीवाला आला तेव्हा सायकल नव्या चाकांवर उभी होती. मी त्याला पापड झालेली रिम दिली आणि दादाचं फ्रीव्हीलचं चाकही दिलं. दादा पेपर वाचत होता. पान काही उलटलं नाही.

सोमवारी सकाळी तो फाटकाशी स्कूटर सुरू करून उभा होता. इतकी वर्षं आरशाला लटकणारं माझं हेल्मेट त्याने पुढे केलं. “चल, लेट होऊन राहिलं.”

मी हेल्मेट घेतलं, डोक्यावर चढवलं, पट्टा आवळला. तो मागची सीट हाताने पुसू लागला. मी सायकलवर टांग टाकली.

“अगं, हेल्मेट!”

“माझंच आहे ना?” म्हटलं आणि निघाले.

पुलाच्या उतारावर पाय रेटले. चाकांनी ऐकलं. स्कूटरचा आवाज मागून येत होता. दादा पुढे गेला नाही, मुरारपर्यंत माझ्या वेगाने मागेच राहिला.