सरळ ओहळ वाकडा करणारे साहेब

वळणावर गाळ कुणी आणून टाकत नाही, तरी तो साचतो. पाटबंधारे खात्याच्या आमच्या अंजूरच्या मजूर गँगमध्ये इंजिनिअर आपटे साहेबांचे किस्से तसेच साचलेत. परवा साहेब रिटायर झाले. मोठ्यांनी भाषणं केली, त्यातलं निम्मं खोटं होतं. मी कॉलेज अर्ध्यात सोडलेला, त्यांच्या हाताखाली मस्टरवर दगड उचलणारा. माझं मी सांगतो.

*

आमचा ओहळ बिघडवला कुणी? साहेबांनीच! नवी नोकरी, तरुण रक्त. फूटपट्टी लावल्यासारखा सरळ केला. पाणी झटकन खाडीला जाणार म्हणून गावाने हार घातले. पाणी गेलं, त्याच्यामागे काठ गेले, विहिरी आटल्या. पावसाच्या तोंडावर अंडी घालायला खालून शेतात चढणारे वलगणीचे मासे यायचे बंद झाले. रिटायर व्हायच्या आधी ते पुन्हा चढलेले बघायचे, एवढं एकच खूळ साहेबांच्या डोक्यात राहिलं.

ओहळाला पुन्हा वळणं द्यायची परवानगी मागायला ते ठाण्याच्या ऑफिसात गेले. वरचे साहेब तडकले, "कुठल्या गाढवाने सरळ केला होता?"

आपटे म्हणाले, "नकाशावर सही आहे बघा. माझीच."

*

वळण कुठे द्यायचं हे ठरवायला साहेब म्हशींच्या मागे फिरायचे. म्हशी डुंबतात तिथे खोल ठेवा, चढतात तिथे काठ उतरता करा. दामूकाका, म्हणजे माझा सख्खा काका आणि गावचा सरपंच, काठावर विडी ओढत खिदळला, "आता म्हशी इंजिनेर झाल्या का काय?"

"निदान त्या रोज साइटवर येतात," साहेब म्हणाले.

*

ह्याच काकाने ओहळालगतची जमीन एका कापड रंगवणाऱ्या कारखान्याला भाड्याने दिलेली. ओहळ आज लाल, उद्या निळा. गावातले सगळे जाणते नाक धरून गप्प. साहेब एकदा पांढरी पँट घालून आले, गुडघाभर पाण्यातून चालत गेले आणि तसेच निथळत कारखान्याच्या शेठच्या पांढऱ्याशुभ्र गादीवर जाऊन बसले.

शेठ ओरडला, "अरे साब, गद्दी!"

"आप का ही रंग है. पक्का है ना?"

त्या आठवड्यात कारखान्यामागे रंगाचं पाणी निवळायला खड्डा खणला गेला.

*

साहेब पक्के शाकाहारी. आम्ही जेवताना सुका बोंबील भाजला की ते डबा उचलून वाऱ्याच्या उलट बाजूला, वाळुंजाच्या झाडाखाली जाऊन बसायचे. मी तोंडावर विचारलं, "साहेब, माशांसाठी एवढे मरता, आणि मासा दिसला की पळता?"

"मला ते ओहळात हवेत, ताटात नकोत."

दुसरा कुणी असता तर मस्टरवरून नाव कापलं असतं. साहेबांनी मला दुर्बिणीतून जमिनीची लेव्हल बघायला शिकवलं. कॉलेज का सोडलं, हे एकदाही न विचारणारा हा एकच मोठा माणूस मला भेटला.

*

शेवटचा दिवस आला तरी मासे चढले नव्हते. पाऊस होऊन गेलेला. सकाळी साहेब भिवंडीच्या ऑफिसात चार्ज देत बसले आणि नेमकी तेव्हाच वलगण आली. इतक्या वर्षांनी! काकाने काय करावं? अख्ख्या गावाला जाळी घेऊन उतरवलं.

दुपारी शाळेत निरोप समारंभ. शाल झाली, नारळ झाला. मग काकाने स्वतःच्या हाताने साहेबांपुढे ताट ठेवलं. रस्सा, त्यात गाबोळीने, म्हणजे पोटातल्या अंड्यांनी, फुगलेला अख्खा मासा. "सायेब, वलगन आली. पयला मान तुमचा."

चढणारे मासे धरले ते धरले, वर ते शाकाहारी माणसाच्या ताटात! मी काकावर तुटून पडणार होतो. साहेबांनी हाताने मला थांबवलं. ते ताटाकडे बघत होते.

"कुठे मिळाला?"

"वरच्या वलनाला."

"चढत होता?"

"चढत व्हता, सायेब."

साहेबांनी चष्मा पुसला, बाह्या दुमडल्या आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "काटे कसे काढतात रे?"