गोंड्याआड लपलेला ब्रेकलाइट

मित्रांनो, आज थोडक्यात वाचलो. सकाळी पळस्पे फाट्याजवळ पुढच्या ट्रकने ब्रेक मारला आणि मागे माझ्या ट्रकमध्ये मला कळलंच नाही. जेमतेम वीतभर अंतर राहिलं.

पुढे वाहन तपासणीत साहेबांनी दोघांनाही थांबवलं. त्या पुढच्या ट्रकच्या दोन्ही ब्रेकलाइटवर जाडजूड काळे गोंडे, नजर लागू नये म्हणून!

त्याचा नवा ड्रायव्हर मलाच म्हणतो, "काका, सायबांना सांगा ना, देवाचं हाय."

"देवाला मधे आणू नकोस. मघाशी आपण दोघंही मेलो असतो."

अगरबत्ती मीही लावतो. पण त्याआधी क्लीनरला ब्रेक दाबायला सांगून मागचे दिवे बघतो.

नव्या ड्रायव्हरांनो, तपासणीवाल्यांना रोज शिव्या घालता. स्वतःच्या गाडीमागे जाऊन शेवटचं कधी पाहिलंत?